विजेची गाडी : विकत की लीजवर? आधी पिन बघा!

ऊसबिल खात्यावर जमा झालं, बेदाण्याची पट्टी हातात आली, की घरात चारचाकीचा विषय निघतोच. आता त्यात विजेच्या गाडीची भर पडली आहे. 'विकत घ्यायची, का लीजवर?' असा सवाल सातारा-सांगली भागातल्या पारावरही होऊ लागला आहे. मात्र त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. तो म्हणजे, गाडीची चार्जिंगची पिन कुठली?

यासाठी सरकारचाच अनुभव पाहावा. गावोगावी स्वस्त एलईडी बल्ब पोचविणाऱ्या 'ईईएसएल' कंपनीने २०१७ मध्ये दहा हजार विजेच्या गाड्यांची निविदा काढली. या गाड्या सरकारी खात्यांना लीजवर द्यायच्या होत्या. मे २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही एक हजार गाड्यांसाठी करार केला. टाटा टिगोर आणि महिंद्रा ई-व्हेरिटो या त्या वेळच्या गाड्या ७२ व्होल्टच्या, आणि त्यांचे जलद चार्जिंग 'भारत डीसी-००१' पद्धतीचे. २०२० मध्ये टाटा नेक्सॉन आली ती 'सीसीएस-२' पिन घेऊन. पुढे मोटारींसाठी हीच पिन रूढ झाली. जुन्या गाडीला ती बसत नाही, व्होल्टेजही जुळत नाही. लीजवर गाडी वापरणाऱ्या खात्याला मुदत संपली की ती परत करता येते. पुढचा धोका मालक कंपनीचा. पण तसली गाडी कुणी 'स्वस्तात मिळतीया' म्हणून जुन्या बाजारात घेतली, तर तो धोका त्याच्याच दारात येतो.

नवी गाडी घेणाऱ्याला आज एवढी धास्ती नाही. तरीही झाकण उघडून बघावे. एमजी कॉमेटसारख्या छोट्या गाडीला जलद डीसी चार्जिंगची सोय नाही. तालुक्याला जाऊन यायला ती पुरते. सांगलीहून पुणे गाठायचे, तर वाटेत तासन्‌तास थांबावे लागेल.

आता पैशाचे बघू. शहरात लीजचे आकर्षण मुख्यत्वे कराच्या सवलतीत आहे. व्यापारी, डॉक्टर भाडे खर्चात दाखवतात. शेतीच्या उत्पन्नाला आयकरच नाही, मग सवलत कशातून मिळणार? शिवाय लीजचा हप्ता दरमहा, आणि आपला पैसा हंगामाला. त्यातून किलोमीटरची मर्यादा असते. वाडीवस्तीच्या रस्त्याने गाडी खरचटली, पोचा आला, तर परत करताना त्याचेही पैसे मोजावे लागू शकतात.

यातून मधली वाट म्हणजे गाडी आपली, बॅटरी भाड्याची. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत बॅटरीसह १३ लाख ५० हजार होती. बॅटरी भाड्याने घेतली तर ९ लाख ९९ हजार, आणि वर किलोमीटरला साडेतीन रुपये. फरक झाला ३ लाख ५१ हजारांचा. साडेतीनने भागले की सुमारे एक लाख किलोमीटर होतात. व्याज बाजूला ठेवले, तर महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे एवढे भाडे भरायला आठ वर्षे लागतील. तीन हजार फिरणाऱ्याची तीन वर्षेही लागणार नाहीत. फिरती जास्त त्याने विकत घ्यावी. कमी फिरणाऱ्याला भाडे परवडेल, पण दरमहा किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतील, ते करारात आधी वाचावे.

घरच्या विजेचाही हिशेब करावा. हजार किलोमीटरला साधारण दीडशे युनिट धरा. महावितरणचा घरगुती दर १०० आणि ३०० युनिटांच्या पुढे चढत जातो, त्यामुळे गाडीचे युनिट वरच्या दरात पडतात. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर गाडी भरूनच घेत नाही. म्हणून गाडी बुक करण्याआधी वायरमनला बोलवावे.

थोडक्यात, पतसंस्था, कारखाना, दवाखाना यांनी लीजचा जरूर विचार करावा. पण घरी सॉकेट चांगला आहे, गाडी आठ-दहा वर्षे वापरायची आहे, अशा शेतकऱ्याला विकतचीच बरी. मात्र कर्जाचा हप्ता सहामाही किंवा वार्षिक बांधून मिळतो का, ते बँकेला विचारावे. आणि सौद्याआधी झाकण उघडून पिन बघायला विसरू नये.