युरोपात देश बदलताय? आधी आरोग्यविम्याचे बघा

समजा, तुम्ही तीन वर्षांपासून म्युनिकमध्ये नोकरी करत आहात. पत्नीला सहावा महिना लागला आहे, तुमची थायरॉइडची गोळी रोज चालू आहे. अशात नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनहून चांगली ऑफर येते. दोन्हीकडे चलन युरोच, त्यामुळे आरोग्यविमाही आपोआप सोबत येईल असे वाटणे साहजिक आहे. पण तो येत नाही.

ही अडचण आता मोजक्या लोकांची राहिलेली नाही. युरोपीय संघातील देशांनी २०२३ मध्ये सुमारे ८९ हजार ब्लू कार्डे दिली. त्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे सुमारे २१ हजार, भारतीयांना मिळाली. सुधारित नियमांनुसार पहिल्या देशात १२ महिने राहिल्यावर ब्लू कार्डधारकाला योजनेतल्या दुसऱ्या देशात जाणे सोपे झाले आहे. नोकरीची वाट मोकळी झाली, पण विमा मात्र ज्या त्या देशाचाच राहिला. धोका असतो तो जुना विमा संपून नवा सुरू होईपर्यंतच्या दिवसांत.

एका वेळी एकच देश

आरोग्यसेवा कशी चालवायची हे प्रत्येक सदस्य देश स्वतः ठरवतो. युरोपीय संघ फक्त या वेगवेगळ्या व्यवस्थांची सांगड घालतो. त्यासाठीचा ८८३/२००४ हा नियम मे २०१० पासून लागू आहे. त्याचा गाभा सोपा आहे: एका वेळी एकाच देशाचा कायदा तुम्हाला लागू होतो आणि तो साधारणपणे तुम्ही काम करता त्या देशाचा असतो. कंपनीने तुम्हाला थोड्या काळासाठी दुसऱ्या देशात पाठवले असेल, तर ‘ए-१’ प्रमाणपत्रावर २४ महिन्यांपर्यंत जुन्याच देशाचा विमा चालू राहू शकतो. नोकरीच बदलली, तर मात्र विमाही बदलतो.

भारतीय पासपोर्ट असेल तर

संघात कायदेशीर राहणाऱ्या इतर देशांच्या नागरिकांना हे नियम २०११ पासून लागू झाले. मात्र डेन्मार्क त्यात सामील नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइनबरोबरच्या करारांतही भारतीय नागरिक सहसा येत नाहीत. त्यामुळे तुमचे युरोपीय आरोग्यविमा कार्ड फ्रान्समध्ये चालते, पण आल्प्स बघायला स्वित्झर्लंडला गेलात तर चालत नाही. त्या सहलीसाठी वेगळा प्रवासविमा घ्या.

या कार्डाविषयी आणखी एक गैरसमज आहे. ते तात्पुरत्या मुक्कामात अचानक लागणाऱ्या उपचारांसाठी असते, कायमच्या स्थलांतरासाठी नाही. जुना विमा संपला की कार्डावर पुढची तारीख छापलेली असली तरी ते वापरू नये. नंतर खर्चाची वसुली तुमच्याकडून होऊ शकते.

जर्मनीहून नेदरलँड्सला: काय बदलते?

जर्मनीच्या सार्वजनिक विम्यात न कमावणारी पत्नी आणि मुले वेगळा हप्ता न भरता येतात. नेदरलँड्समध्ये प्रत्येक प्रौढाला स्वतःची पॉलिसी घ्यावी लागते. १८ वर्षांखालील मुलांना हप्ता नाही. शिवाय प्रौढांना वर्षाला किमान ३८५ युरोंपर्यंतचा खर्च आधी स्वतः करावा लागतो. फॅमिली डॉक्टरची भेट आणि सुईणीकडची प्रसूतीसेवा यातून वगळलेली आहे, पण रक्ततपासण्या आणि औषधे वगळलेली नाहीत.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे मूलभूत पॅकेजसाठी विमा कंपनी तुम्हाला नाकारू शकत नाही. मधुमेह असो, गरोदरपण असो, हप्ता आजारावरून वाढत नाही. विमा बंधनकारक झाल्यापासून चार महिन्यांच्या आत पॉलिसी घेतली तर संरक्षण पहिल्या दिवसापासून धरले जाते, अर्थात हप्ताही तेव्हापासूनचा भरावा लागतो. उशीर केलात तर मधल्या काळातला दवाखान्याचा खर्च तुमच्याच माथी येतो.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. जर्मनीत बऱ्याच तज्ज्ञांकडे थेट जाता येते. नेदरलँड्समध्ये आधी फॅमिली डॉक्टर, मग त्यांच्या चिठ्ठीवर तज्ज्ञ. म्हणून घर मिळाले की लगेच जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवा.

पत्नी बाळंतपणापर्यंत मागे राहणार असेल तर

अनेक जोडपी असे ठरवतात: ‘मी पुढे जातो, तू बाळंतपण म्युनिकमध्येच कर.’ इथेच मोठी चूक होते. पत्नी तुमच्या जर्मन विम्यावर अवलंबून असेल, तर तुमचे सभासदत्व संपताच तिचे संरक्षणही संपू शकते. अशा वेळी नव्या देशाच्या विमा यंत्रणेकडून तिच्यासाठी ‘एस-१’ फॉर्म मिळतो का, हे आधी विचारा. तो जर्मन विमासंस्थेत नोंदवला की तिला तिथेच उपचार घेता येतात आणि खर्च नवा देश उचलतो. हे काम निघण्यापूर्वी करा, कळा सुरू झाल्यावर नाही.

खासगी विमा असेल तर

या सांगडीचा फायदा प्रामुख्याने सार्वजनिक व्यवस्थेतल्यांना मिळतो. परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या अनेक स्वस्त पॉलिसींत आधीपासूनचे आजार आणि बाळंतपण वगळलेले असते. पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाचा, हप्त्याचा आकडा नंतर बघा.

भारतातून येणाऱ्या आई-वडिलांचेही तेच. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा विमा लागतो, पण तो तातडीच्या आजारपणासाठी असतो. बाबांच्या रक्तदाबाची नेहमीची तपासणी आणि गोळ्या त्यात धरू नका.

निघण्यापूर्वी एवढे करा

• जुना विमा कोणत्या तारखेला संपतो आणि नवा कधी सुरू होतो, हे लेखी घ्या.
• आधीच्या विमाकाळाचा दाखला मागा (जुने नाव ‘ई-१०४’, नवे ‘एस-०४१’). पुढे जर्मनीत परतून ऐच्छिक सार्वजनिक विमा घ्यायचा झाला, तर इतर देशातला विमाकाळही मोजला जातो.
• औषधाच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि किती दिवस हे लिहून घ्या. एका सदस्य देशातली चिठ्ठी दुसऱ्या सदस्य देशात ग्राह्य धरली जाते, पण ब्रँड बदलतात. थायरॉइडच्या गोळीचा ब्रँड बदलला तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा.
• झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक अशा काही नियंत्रित औषधांसाठी शेंगेन प्रमाणपत्र लागते. ते ३० दिवस चालते.
• गरोदरपणाची नोंदवही, सोनोग्राफीचे अहवाल, मुलांचे लसीकरण कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिनही तिथेच.

पुढे काय?

‘युरोपीय आरोग्य माहिती क्षेत्र’ हा नवा कायदा मार्च २०२५ मध्ये अमलात आला. त्यानुसार मार्च २०२९ पर्यंत रुग्णाचा वैद्यकीय सारांश आणि ई-चिठ्ठ्या सर्व सदस्य देशांत एकमेकांना पाहता येण्याची सोय व्हायची आहे. तपासण्यांचे अहवाल आणि स्कॅन त्यानंतर, २०३१ पर्यंत. यामुळे तुमची फाइल सीमा ओलांडेल, पण तुमचा विमा नाही. तो प्रत्येक वेळी नव्याने उभा करावा लागेल, आणि त्याची तयारी ऑफर लेटरवर सही करण्याच्याच आठवड्यात सुरू केलेली बरी.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. रकमा आणि मुदती बदलतात. निर्णयापूर्वी दोन्ही देशांच्या विमासंस्थांकडून खात्री करून घ्या आणि चालू औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नका.)