पुन्हा पहिल्यापासून

धुळ्याचे आमचे समुपदेशक मुलाच्या शिक्षणासाठी पुण्याला गेले. आनंदाची गोष्ट आहे, त्या मुलाच्या दृष्टीने. मला मात्र येत्या मंगळवारी नव्या बाईंसमोर बसून सगळं पुन्हा सांगायचंय. निवृत्तीनंतर झोप कशी उडाली, रात्री दोनला उठून मी जुने हिशेब का तपासतो, वडील गेले तेव्हा रडू का आलं नाही. कारखान्यात साधा स्टोअरकीपर बदलला तरी यादी होते, सह्या होतात, मग चार्ज दिला जातो. इथे माझं अख्खं डोकं बिनचार्जचं पडलंय.

टिपणं नव्या बाईंकडे पाठवू का, असं त्यांनी विचारलं होतं. मीच नको म्हणालो. आपल्याबद्दल कुणीतरी लिहून ठेवलेलं दुसऱ्याने आधीच वाचून बसावं, हे काही पटेना.

तयारी तशी थोडकीच. बोलून उपचार करणारे समुपदेशक गोळ्या लिहून देत नाहीत. ते काम मनोविकारतज्ज्ञाचं. तरी चालू गोळ्यांची नावं लिहून न्यावीत, अगदी बीपीच्याही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्तता हा आपला हक्क आहे. आणि मंगळवारपर्यंत दम निघत नसेल, तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

बायकोचा सल्ला वेगळा: इस्त्रीचा शर्ट घाला आणि माझ्याबद्दल काही सांगू नका. यातलं पहिलं जमेल.

पण कायद्याची गुप्तता दवाखान्याच्या दारापर्यंत. शहाद्याच्या स्टँडवर काय करायचं? आमचं पुरुषोत्तमनगर म्हणजे सातपुडा साखर कारखान्याची वसाहत. इथे उसाच्या वजनात एक वेळ चूक होईल, पण कोण कोणत्या गाडीला बसलं यात होत नाही. मागे एकदा स्टँडवर कुणीतरी विचारलं, ‘भाऊ, धुळ्याला?’ तोंडातून निघून गेलं, ‘दाढ.’

तेव्हापासून माझी दाढ सार्वजनिक मालमत्ता झाली. कुणी लवंगतेल आणून दिलं, कुणी बाभळीची दातणं. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने माझ्या पानात भाकरी कुस्करून वाढली. कढत चहा घेताना दिसलो तर लोक हळहळतात. शहाद्यात इतके दातांचे डॉक्टर असताना धुळ्याला कशाला, यावर पारावर दोन तट पडले. एका तटाच्या मते सगळेच दात काढून कवळी बसवणं स्वस्त. काही दुखत नसताना एका बाजूने चावायची सवय लागली ती वेगळीच.

परवा संध्याकाळी शेजारचे आबा आले. साखर विभागात जन्म घालवलेला माणूस, बोलणं मोजकं. इकडचं तिकडचं झालं, चहा झाला, तरी उठेनात. शेवटी चप्पल घालता घालता म्हणाले, ‘तुमच्या त्या दाढेच्या डॉक्टरांचा नंबर द्या बरं. मलाही हल्ली झोप येत नाही.’

मी नव्या बाईंचा दिला.