ट्रॅक्टर ओढतो खरा, पण थांबवतो का?

गाळप हंगाम सुरू झाला की पैठण, गंगापूर, कन्नड या तालुक्यांतल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. हौद्याच्या कितीतरी वर रचलेल्या मोळ्या, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस आणि मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. अपघात झाला की चार दिवस आरडाओरड होते, पाचव्या दिवशी रांग पुन्हा जशीच्या तशी. 'वेळ आली होती' म्हणून आपण विषय सोडून देतो. पण ट्रॉलीवरचे वजन ही काही नशिबाची गोष्ट नाही. ते काट्यावर मोजलेले असते आणि कागदावर लिहिलेले असते.

गावात एक वाक्य नेहमी ऐकू येते : 'पन्नास एचपीचा आहे, ओढतोय की!' इथेच गफलत होते. ओढण्याची ताकद इंजिनात असते; थांबवण्याची ताकद ब्रेकमध्ये आणि टायरने रस्त्यावर धरलेल्या पकडीत असते. इंजिन मोठे घेतले म्हणून पकड त्या प्रमाणात वाढत नाही.

ढोबळ हिशेब मांडून पाहू. ट्रॅक्टर दोन टनांचा, रिकामी ट्रॉली दोन टनांची. ट्रॉली चार चाकी, म्हणजे तिचा भार ट्रॅक्टरवर येत नाही, आणि तिला स्वतःचे ब्रेक नाहीत. एकटा ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगात ब्रेक मारल्यावर चार मीटरमध्ये थांबतो असे धरा. ट्रॉलीत सहा टन ऊस भरला तर सगळे मिळून वजन दहा टन, म्हणजे पाचपट. थांबायला २० मीटर लागतील. दहा टन भरला तर वजन सातपट आणि अंतर २८ मीटर. हे झाले सपाट रस्त्याचे. वीस फुटांना एक फूट असा उतार आला तर सहा टनांची ट्रॉली थांबायला साधारण ५५ मीटर घेईल. दहा टनांची मात्र अडीचशे मीटर गेली तरी थांबेल याची खात्री नाही. म्हणजे चार टन जादा भरले की फरक थोडाथोडका राहत नाही. थांबणारी गाडी न थांबणारी होते. त्यात डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल केले, किंवा डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल एकत्र जोडलेले नसले, तर मागची ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा करते.

भार कसा रचला यालाही महत्त्व आहे. दोन चाकी ट्रॉलीत माल पुढे जास्त झाला तर हूक दबतो, चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. माल मागे जास्त झाला तर हूक वर उचलला जातो आणि मागच्या चाकांची पकड सुटते. युरोपात मोटारीमागे ट्रेलर लावण्याची रीत आहे. तिथे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर मालासकट ७५० किलोच्या वर जाता येत नाही. आपल्याकडे बिनब्रेकची ट्रॉली त्याच्या कितीतरी पट भार घेऊन उतार उतरते.

आता कायद्याचे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११३ प्रमाणे आरसीवर लिहिलेल्या भारासह वजनापेक्षा जास्त वजन घेऊन वाहन किंवा ट्रेलर चालवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये २० हजार रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये अशी तरतूद आहे. वरच्या ट्रॉलीची मर्यादा सहा टन मालाची असेल आणि भरला दहा टन, तर हिशेब २८ हजारांवर जातो. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही आणि उतरवण्याचा खर्चही द्यायचा. माल बाजूंनी किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर त्याचे २० हजार वेगळे. हा दंड फक्त चालवणाऱ्याला नाही. चालवायला लावणारा आणि चालवू देणारा यांनाही कायद्याने त्यात धरले आहे.

तेव्हा दोन कागद शेजारी ठेवा. एक ट्रॉलीची आरसी, दुसरी कारखान्याच्या काट्याची पावती. आरसीवरच्या भारासह वजनातून रिकामे वजन वजा करा. उरेल तेवढाच माल त्या ट्रॉलीने न्यायचा. पावतीवर निव्वळ वजन असते. दोन आकडे जुळत नसतील तर जादा भाराचा पुरावा पोलिसांनी शोधायला नको, तो कारखान्याच्या दप्तरात रोजच्या रोज जमा होतो आहे. ट्रॉलीची आरसीच नसेल तर प्रश्न आणखी मोठा, कारण ट्रेलरचीही नोंदणी लागते. विम्याच्या कागदावर ट्रॉलीचा उल्लेख आहे का, तेही पाहावे. शेतीकामासाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याने दुसऱ्याचा ऊस वाहत असेल तर अपघातानंतर विमा कंपनी हरकत घेते आणि भरपाईचा वाद मालकाच्या दारात येतो.

मग जादा भरतात कशासाठी? वाहतूकदाराला पैसे टनावर मिळतात आणि कारखान्यावर नंबर लागायला तास न् तास जातात. दिवसातून एकच खेप होणार असेल तर तो ती ओसंडून भरणारच. चालकाला एकट्याला शिव्या देऊन हे सुटणार नाही. रांग कमी झाली आणि टोळ्यांची तोड गव्हाणीच्या गतीशी जुळली, तर दोन हलक्या खेपा परवडतील. शेतकऱ्यालाही यात बोलण्याचा हक्क आहे. एफआरपी कारखान्याच्या गेटवरची असते आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्याच बिलातून कापला जातो. पैसा त्याचा, तर वाहतूक कशी व्हावी हेही त्याने विचारावे.

ग्रामपंचायतींचेही यात नुकसान आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांच्या मोठ्या चाचण्या झाल्या. एका आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, असा ढोबळ नियम त्यातून निघाला. शिवाराचा रस्ता एका हंगामात का उखडतो, त्याचे बरेचसे उत्तर यात आहे.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. हंगामाआधी ग्रामसभेत गावातल्या ट्रॉल्यांच्या आरसी तपासाव्यात आणि न्यायच्या मालाचा आकडा हौद्यावर रंगाने मोठा लिहावा. कारखान्याने करारात आरसीची मर्यादा घालावी आणि मर्यादेबाहेरची खेप काट्यावर नोंदवून पुढची चिठ्ठी थांबवावी. चालकाने हूक, पिन आणि जादा साखळी रोज पाहावी, उतारावर गिअर सोडू नये, रिफ्लेक्टर लावावा. आणि ऊस भरताना फडावर उभ्या असलेल्या मालकाने, 'अजून दोन मोळ्या बसतील' असे कुणी म्हटले, तर त्याला हौद्यावरचा आकडा दाखवावा.