मूल बोलत नाही? आधी कान तपासा!

दीड-दोन वर्षांचं मूल बोलत नसेल, तर घरात सल्ल्यांना तोटा नसतो. 'वेखंड उगाळून चाटवा', 'जिभेखालचा दोरा कापून घ्या', 'याचा बापही उशिराच बोलला होता'. सगळ्यांचं लक्ष जिभेवर, कानाकडे कुणी बघत नाही. माझ्या मते चूक इथेच होते.

हेडफोन लावून गाणी ऐकणारा माणूस मोठ्याने बोलतो, हे तुम्ही पाहिलं असेल. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून त्याचा मेंदू नकळत आवाज वाढवतो. १९११ साली एतियेन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने हे दाखवून दिलं. फोनवर आपलाच आवाज किंचित उशिरा परत ऐकू आला, तर आपण अडखळतो. सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतका उशीरही त्याला पुरतो.

असं का होतं? मेंदू जीभ, ओठ आणि स्वरयंत्राला हुकूम देतो, तेव्हाच 'आता असा आवाज यायला हवा' हा अंदाजही बांधतो. कानावर पडलेला आवाज तो या अंदाजाशी ताडून पाहतो. फरक आढळला की लगेच दुरुस्ती करतो. मोठ्या माणसाचे उच्चार पक्के झालेले असतात, त्यामुळे बहिरेपण आलं तरी त्याचं बोलणं एकदम जात नाही. बाळाला मात्र आपण बोलतो ती भाषा कानातूनच शिकायची असते.

फसगत कुठे होते? ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं. भांडं पडलं की हादऱ्यानेही दचकतं. म्हणून घरी टाळी वाजवून घेतलेल्या परीक्षेवर विसंबू नका.

ओएई आणि बेरा या तपासण्या झोपलेल्या बाळावरही होतात आणि त्या दुखत नाहीत. महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत श्रवणयंत्रासारखे उपचार सुरू, हा मान्य क्रम आहे. अकरा महिन्यांपर्यंत 'बा-बा', 'दा-दा' ऐकू आलं नाही, तर थांबू नका.

उशिरा बोलणारं प्रत्येक मूल बहिरं नसतं, हे खरं. पण तपासणीत कान चांगले निघाले, तर तुमची फक्त एक सकाळ जाईल. वाट पाहण्यात मात्र भाषा शिकण्याची वर्षं जातात, आणि ती परत मिळत नाहीत.