नाव माझं, हप्ते कुणाचे?

दुपारची भांडी आवरून जरा टेकले होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या माणसाने माझं पूर्ण नाव घेतलं, अगदी नवऱ्याच्या नावासकट, आणि म्हणाला, 'मॅडम, दोन हप्ते थकलेत. कधी भरताय?' म्हटलं, कसले हप्ते? तर म्हणे मोबाइलचे. बत्तीस हजारांचा मोबाइल मी कर्जावर घेतलाय, आणि तोही आमच्या गावापासून दीडशे किलोमीटरवरच्या शहरातल्या दुकानातून! त्या शहरात मी आयुष्यात दोनदा गेलेय, दोन्ही वेळा लग्नाला.

मी फोन ठेवून दिला. असे फोन फसवेच असतात, हे आता आपल्याला पाठ झालंय ना! मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. पण आठवड्याने घरच्या पत्त्यावर नोटीस आली. मुलीने मोबाइलवर माझा सिबिलचा अहवाल काढला. (वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, २०१७ पासून. मला हे माहीतच नव्हतं.) त्यात ते कर्ज माझ्या नावावर स्वच्छ दिसत होतं. पॅन नंबर माझा, आधार माझं, फोन नंबर मात्र भलत्याचाच. म्हणजे तो फोन फसवा नव्हता. फसवणूक आधीच होऊन गेली होती, आणि मला तिचा पत्ताही नव्हता.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. गेल्या तीन वर्षांत आधार-पॅनची झेरॉक्स कुठे कुठे दिली, ते आठवून लिहायला लागले. सिमकार्डाचं दुकान, गॅस एजन्सी, पतसंस्था, बचत गट, मुलीचा कॉलेजप्रवेश, पंढरपूरचा लॉज, हप्त्यावर घेतलेला फ्रिज… सतरा ठिकाणं झाली आणि मी वही मिटली. शिवाय प्रिंट काढायची म्हणून झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवलेले, ते वेगळेच. ते त्याच्या मोबाइलमध्ये अजून असतील. एकाही झेरॉक्सवर मी 'अमुक कामासाठी' असं लिहून सही केलेली नव्हती. घराच्या किल्ल्या अशा सतरा जणांकडे ठेवल्या असत्या का मी?

अर्थात सगळा दोष आपल्यावर घ्यायचं कारण नाही. २०२२ च्या मे महिन्यात आधारच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं होतं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो. दोनच दिवसांत सरकारने ते मागे घेतलं. लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणे! आता दुकानदार झेरॉक्स मागतोच, दिल्याशिवाय काम होत नाही, आणि देऊ नका म्हणणारं पत्रकही मागे जातं. बाईने करायचं काय? एक सोय आहे. आधारच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करताना 'मास्क्ड' हा पर्याय निवडला, की पहिले आठ आकडे झाकलेली आणि शेवटचे चारच दाखवणारी प्रत मिळते. लॉजवाल्याला तेवढी पुरेशी आहे. कुणी 'चालणार नाही' म्हटलं, तर का चालणार नाही, हे त्याला विचारायला आपण शिकायला हवं. मीही आत्ताच शिकतेय.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. खातं आपल्या नावाचं, पण त्याला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा. फॉर्म भरणारा गल्लीतला कुणीतरी. अंगठा आपला, पण मशीन कुणाच्या हातात आहे ते आपण बघत नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा सेतू केंद्रांपुढच्या रांगा आठवतात ना? त्याच सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातला प्रकार उघडकीला आला. एका माणसाने बायकोचे वेगवेगळे फोटो लावून दुसऱ्याच बायकांच्या आधार क्रमांकांवर तीसेक अर्ज भरले होते. हे कळलं कसं? पनवेलकडच्या एका बाईंचा अर्ज 'आधीच भरलाय' म्हणून अडला आणि त्या गप्प बसल्या नाहीत, म्हणून. पुढच्या वर्षी याच योजनेच्या ई-केवायसीच्या नावाने खोटी संकेतस्थळं निघाली, आणि सावध राहा म्हणून सरकारला सांगावं लागलं. जिथे पंधराशे रुपये, तिथेही चोर!

चोरांचेही आपापले प्रांत आहेत. झारखंडमधलं जामतारा तर आता मालिकेमुळे सगळ्यांनाच ठाऊक आहे. हरियाणातलं नूह आणि राजस्थानातला डीग-भरतपूरचा पट्टा हेही तसेच बदनाम झालेत. मोठ्या टोळ्या तर आता कंबोडिया आणि म्यानमारमधून फोन करतात, आणि तिथे फोनवर बसवलेल्यांत नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबलेली आपली मुलंही आहेत. चोरीची तऱ्हाही जागोजागी निराळी. तेलंगणात २०१८ मध्ये एकाने जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे अंगठ्यांचे ठसे उचलले, त्यांचे रबरी साचे केले आणि त्यांवर सिमकार्डं चालू केली. पुढे अशाच ठशांनी खात्यातले पैसे काढायचे प्रकार बंगालसारख्या राज्यांत झाले. तिथे ओटीपी लागलाच नाही, कारण अंगठा लावून पैसे काढताना तो लागतच नाही. आपल्याकडेही अंगठ्यावर पगार आणि पेन्शन काढणाऱ्या बायका गावोगावी आहेत. आधारच्या अ‍ॅपमध्ये बोटांच्या ठशांना कुलूप घालता येतं आणि गरजेपुरतं उघडता येतं. घरातल्या कॉलेजवाल्या पोरांना कामाला लावा, दहा मिनिटांचं काम आहे.

आता वयाचं बघू. फसतात ती म्हातारी माणसं, असा आपला एक समज आहे. अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाकडे आलेल्या २०२३ च्या तक्रारी वेगळंच सांगतात. विशीतल्या तक्रारदारांपैकी ४४ टक्क्यांचे पैसे गेले होते, सत्तरीतल्यांपैकी २५ टक्क्यांचे. म्हणजे तरुण जास्त वेळा फसतात. मात्र म्हातारी माणसं फसली की रक्कम मोठी जाते, कारण त्यांच्याकडे साठवलेलं असतं.

हे दोन्ही मी इथेच पाहिलंय. शेजारची मुलगी, दुसऱ्या वर्षाला आहे. एक दिवस घाबरीघुबरी होऊन आली, 'काकू, माझं खातं गोठवलंय.' मैत्रिणीच्या ओळखीच्या कुणीतरी तिला पाच हजार दिले होते, 'फक्त तुझं खातं आणि एटीएम महिनाभर वापरू दे' म्हणून. तिला वाटलं, बसल्या जागी फीचे पैसे सुटतात. त्या खात्यातून दुसऱ्या कुणाचे तरी लुबाडलेले पैसे फिरले, आणि पोलिसांच्या कागदावर नाव आलं ते हिचं. पोरीने नाव भाड्याने दिलं होतं, आणि आता लग्नाच्या वयात पोलीस चौकीच्या फेऱ्या!

आणि माझी मावशी. सदुसष्ट वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, पेन्शनवर एकटी राहते. तिला व्हिडिओ कॉल आला. वर्दीतला माणूस म्हणाला, तुमच्या आधारवर मुंबईत खातं उघडलंय, काळ्या पैशांच्या गुन्ह्यात तुमचं नाव आहे, तुम्ही 'डिजिटल अरेस्ट'मध्ये आहात. तिचा आधार नंबर त्याने बरोबर सांगितला. तो कुठून मिळाला असेल, हे आता माझ्या सतरा ठिकाणांवरून तुम्हाला कळलंच असेल. असा कुठलाही अटकेचा प्रकार कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं. मावशीने ते ऐकलंही होतं! तरी दोन दिवस ती कॅमेऱ्यासमोर बसून राहिली, आणि चार लाख साठ हजार गेले. ती भोळी म्हणून गेले, असं कुणी म्हणू नका. वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष ओसवाल यांच्यासारख्या मुरलेल्या उद्योगपतीचेही त्याच वर्षी असेच सात कोटी गेले होते.

मला खरं लागलं ते पुढचं. मावशीने हे अकरा दिवस कुणाला सांगितलं नाही. १९३० या नंबरवर लगेच फोन केला, तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येतात. जुलै २०२५ पर्यंत असे साडेपाच हजार कोटींच्या आसपास वाचवले, असं सरकारने संसदेत सांगितलं. (एकट्या २०२४ मध्ये गेलेली रक्कम मात्र २२ हजार ८४५ कोटी.) पहिले काही तासच काय ते महत्त्वाचे. मावशीने ते तास देव्हाऱ्यासमोर रडण्यात घालवले.

मी चिडून विचारलं, 'अगं, निदान मला तरी सांगायचंस!' तर म्हणाली, 'तुला सांगितलं असतं, तर तू दादाला सांगितलं असतंस. आणि तो म्हणाला असता, आई, आता पासबुक आणि एटीएम माझ्याकडे दे. तुझ्या काकांच्या राज्यात मला माझा पगार कधी हातात मिळाला नाही गं. ही पेन्शन तेवढी माझी आहे.'

मी गप्प झाले. कारण दादा नेमकं हेच म्हणाला. प्रेमानेच म्हणाला, पण म्हणाला. आणि माझी नोटीस आली तेव्हा आमच्याकडचं पहिलं वाक्य काय होतं? 'तुला कुणी सांगितलं होतं कागद वाटत फिरायला?' पुरुषाचे पैसे शेअरमध्ये बुडतात तेव्हा त्याचं एटीएम कुणी काढून घेतं का? फसलेल्या बाईला घरात शिक्षा होणार असेल, तर ती लपवणारच, आणि ती लपवते तेवढ्या वेळात चोर पैसे दहा खात्यांतून फिरवून मोकळा होतो. म्हणून घरच्यांना माझं सांगणं आहे, की आधी १९३० लावा. बोलायचं ते नंतर बोला. बोलला नाहीत तर उत्तमच.

दादाशी माझं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी पासबुक मावशीकडेच राहिलं. फक्त मोठी रक्कम मुदत ठेवीत टाकली, आणि खात्याला जोडलेला काकांचा जुना नंबर काढून मावशीचा घातला. बँकेतल्या फॉर्मवर तो नंबर तिने स्वतः लिहिला. गेलेल्या पैशांपैकी एकोणीस हजार एका खात्यात अडकलेले सापडलेत, तेवढे मिळतील म्हणतात.

माझंही चाललंय. सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. दुसऱ्याची ओळख चोरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. संचार साथीच्या संकेतस्थळावर पाहिलं, तर माझ्या नावावर चार सिमकार्डं निघाली. वापरते मी एकच! बाकीच्यांपैकी एक मुलीचं, दोन कुणाची देव जाणे. ती 'माझी नाहीत' म्हणून तिथेच कळवली. कर्जाची नोंद काढा म्हणून सिबिलकडे आणि कर्ज देणाऱ्या कंपनीकडे अर्ज केलाय. तीस दिवसांत निकाल लावला नाही, तर पुढे दिवसाला शंभर रुपये त्यांनी मला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२४ मध्ये लागू झाला. आज बाविसावा दिवस आहे. वसुलीवाल्याचा फोन अजून येतो, आणि मी दर वेळी त्याला तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायला लावते.