आधी ताट, मग हप्ता

कर्जात असलेल्या घराला सल्ला द्यायला सगळेच पुढे असतात. बचतीवर व्याख्यानं देणारे, मोबाइलवर व्हिडिओ टाकणारे, पतसंस्थेतले साहेब, लग्नकार्यात भेटणारे पाहुणे, सगळ्यांचं सांगणं एकच. महिन्याच्या सुरुवातीला हप्ता बाजूला काढा आणि उरेल त्यात घर चालवा. किराणा आवळा, दिवे बंद ठेवा, दोन वर्षं कळ काढा, मोकळे व्हाल. हा सल्ला मला चुकीचा वाटतो, आणि ज्या घरांना तो सर्वांत जास्त दिला जातो त्यांच्यासाठी तर घातक वाटतो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो पोकळ नाही. हप्ता ठरलेला असतो. तो चुकला की दंड लागतो, सिबिल बिघडतं, पुढचं कर्ज महाग मिळतं किंवा मिळतच नाही. गटाच्या कर्जात तर एकीचा हप्ता थकला की तो बाकीच्या बायकांना पदरचा भरावा लागतो, आणि मग गल्लीत तोंड दाखवायची चोरी होते. किराण्याचं तसं नसतं. डाळ एक किलोऐवजी अर्धा किलो आणली म्हणून कोणी नोटीस धाडत नाही. तेव्हा जो खर्च ताणता-आवळता येतो त्याच्यावर भार टाका, हा त्यांचा तर्क.

या तर्काचा पायाच कच्चा आहे. किराणा आवळला तर त्याची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही, असं तो धरून चालतो.

इचलकरंजीतलं माझ्या चांगल्या ओळखीचं एक घर आहे. नवरा मागावर कामाला, बायको घरी ब्लाउज शिवते आणि पिको-फॉल करते. दोघांचे मिळून महिन्याला २२,००० च्या आसपास येतात. मायक्रोफायनान्सचा हप्ता २,६५०, गाडीचा २,३००. त्याशिवाय सासऱ्यांच्या आजारपणात एका खासगी माणसाकडून शेकडा पाचने घेतलेले २०,०००, त्यांचं व्याज महिन्याला १,०००. वाण्याकडे सहा हजारांची उधारी. त्यांच्या किराण्याच्या दोन याद्या मी शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या, कर्ज व्हायच्या आधीची आणि आताची. तूरडाळ तीन किलो होती, ती आता एक किलो, जोडीला एक किलो मसूर. शेंगदाणे किलोवरून पावशेरावर आलेले. दूध रोज लिटरचं अर्धा लिटर झालेलं. अंडी यादीतून गायब. साखर आणि चहापूड मात्र होती तेवढीच, आणि पाच रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्या पूर्वीपेक्षा जास्त. ताटातलं जे जे अंगी लागणारं होतं ते गेलं, आणि भूक मारणारं तेवढं राहिलं.

‘अंडी बंदच केलीत का, वहिनी?’ मी विचारलं.

‘पोरांना देते की आठवड्यातनं दोनदा. आम्हाला काय लागतंय, भाऊजी?’

त्यातल्या ‘आम्हाला’ या शब्दात नवरा फारसा नव्हता, कारण त्याला रात्रपाळी करायची असते. किराणा आवळा म्हटलं की तो सगळ्यांच्या ताटातून सारखा आवळला जात नाही. शेवटी जेवणारीच्या ताटातून जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. अशा राज्यात स्वयंपाकघराला लवचीक खर्च म्हणणाऱ्याने हा आकडा समोर ठेवून बोलावं.

बरं, एवढं करून कर्ज तरी फिटतं का? दुधाचाच हिशेब घ्या. अर्धा लिटर तोडलं, रोजचे ३० रुपये वाचले, महिन्याचे ९००. खासगी माणसाचं व्याज १,०००. म्हणजे पोरांचं दूध तोडून वाचलेला सगळा पैसा आणि वर शंभराची नोट, दर महिन्याला व्याजात गडप. वर्षाला १२,००० गेले आणि मुद्दल वीसच्या वीस हजार उभं. अशी दोन वर्षं कळ काढली तर चोवीस हजार देऊनही एक रुपया फिटलेला नसतो. या घराला पोटाला चिमटा काढण्याचा सल्ला देणं म्हणजे बुडाला भोक असलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतायला सांगणं. आधी भोक बुजवायला हवं, आणि ते किराण्याच्या यादीत नाही, व्याजाच्या दरात आहे.

शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. मायक्रोफायनान्सचा दर वर्षाला २४ टक्क्यांच्या आसपास. बचत गटाच्या अंतर्गत कर्जाला बऱ्याच ठिकाणी महिना दोन टक्के पडतात. बँकेत सोनं तारण ठेवलं तर वर्षाला साधारण दहा टक्के. दर ऐकताना एक गोष्ट विचारून घ्यायची: फ्लॅट का घटत्या शिलकीवर? फ्लॅट १२ टक्के सांगितलेलं वर्षाचं मासिक हप्त्याचं कर्ज खरं तर २१-२२ टक्क्यांना पडतं, कारण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर लावलेलं असतं. सगळे हप्ते सारख्याच धाकाने भरणाऱ्या घराला हा फरक कोणी समजावून सांगत नाही. त्यात साठ टक्केवाला माणूस रोज दारावरून जातो म्हणून त्याचं व्याज बिनबोभाट जातं, पण त्याचं मुद्दल फेडायचं कोणाच्या मनात येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की सर्वांत महाग कर्ज आधी मोडावं, आणि ते स्वस्त कर्जाने मोडावं. त्या घरात दोन तोळ्यांच्या पाटल्या कपाटात आहेत. त्या बँकेत ठेवून २०,००० उचलले तर वर्षाचं व्याज दोन हजारांच्या आसपास होईल. आज ते बारा हजार देतात. वाचलेल्या दहा हजारांत पोरांचं तोडलेलं दूध जवळजवळ सगळं पुन्हा सुरू होतं. दागिना बँकेत ठेवणं म्हणजे घराण्याची नाचक्की, ही समजूत मी साफ नाकारतो. त्या पाटल्या घरात कोणीतरी कधीतरी अडीअडचणीसाठीच केल्या होत्या, आणि अडचण आता आली आहे. अट एकच, व्याज दर महिन्याला भरायचं आणि मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायची, नाहीतर लिलावाची नोटीस येते. सोनं नसेल तिथे बचत गट आहे. महिना दोन टक्क्यांनी वीस हजारांचं व्याज ४०० होतं. तेही स्वस्त नाही, पण सहाशे रुपये वाचतात आणि हप्त्याबरोबर मुद्दल कमी होत जातं.

कायदाही इथे आंधळा नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक यांच्याकडे तक्रार करता येते. गल्लीतल्या माणसाविरुद्ध तक्रार करणं किती जड जातं ते मी जाणतो. पण हे साठ टक्के कायद्याने देणं लागत नाहीत, एवढं ठाऊक असलं तरी बोलणी करताना आवाज बदलतो.

वाण्याच्या उधारीचं गणित वेगळं. तिला व्याज नाही, म्हणून ती शेवटी फेडा, असं हिशेबी माणूस म्हणेल. मी ती लवकर फेडा म्हणतो. उधारी असली की दुसऱ्या दुकानात जायची सोय राहत नाही. तो सांगेल तो भाव, तो देईल ती डाळ. या घराला तूरडाळ होलसेलच्या दुकानापेक्षा किलोमागे बारा रुपये जास्त पडत होती आणि त्यावर बोलायची हिंमत नव्हती. हे व्याज वहीत दिसत नाही, पण ते आहेच.

‘महिन्याचा किराणा एकदम भरा, स्वस्त पडतो’ हा दुसरा लाडका सल्ला. ज्यांचा पगार आठवड्याला होतो त्यांना महिन्याचे पैसे एकदम कुठून मिळायचे? छोटी पुडी महाग पडते हे त्यांनाही कळतं, ते पुडी घेतात कारण हातात तेवढेच असतात. त्यावर जमण्याजोगा उपाय म्हणजे प्रत्येक आठवड्याला एकच जिन्नस मोठा घ्यायचा. पहिल्या पगारावर तेल, दुसऱ्यावर डाळ, तिसऱ्यावर तांदूळ-साखर. दोन महिन्यांत घडी बसते. किराण्यात कापण्यासारखं काहीच नाही असं मी म्हणत नाही. बिस्किटं, कुरकुरे, शांपूच्या पुड्या, दुसऱ्या-तिसऱ्यांदा होणारा साखरेचा चहा, हे खुशाल कापा. डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध, पालेभाजी यांना हात लावू नका. आणि रेशन कार्डावरचं धान्य लाज म्हणून सोडू नका. अन्नसुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं आणि २०२३ पासून ते मोफत आहे.

आता लाइट बिल. इथे तर सगळा राग दिव्यावर निघतो. पोरगं अभ्यासाला बसलं की ‘लाइट बंद कर’. नऊ वॉटचा एलईडी दिवा रोज पाच तास जळला तरी महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. त्याच खोलीतला ७५ वॉटचा जुना पंखा रोज बारा तास फिरला की २७ युनिटं खातो. बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळात अकराच्या आत भागवतो. पाणी तापवायची दीड हजार वॉटची कांडी रोज अर्धा तास लावली तर महिन्याला २२ युनिटं. म्हणजे पोराला अंधारात बसवून जे वाचतं ते कांडी दोन दिवसांत उडवते. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या शंभर युनिटांनंतरचं युनिट जवळजवळ दुप्पट दराने पडतं. शंभराच्या पुढे गेलं की सगळंच बिल वाढीव दराने येतं, हा समज चुकीचा आहे, वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण वीज वाचवायची ती वरच्या टप्प्यातलीच वाचते, म्हणून पंखा आणि कांडी यांच्यावर लक्ष ठेवलं की बिलात लगेच फरक दिसतो.

यापेक्षा मोठी गळती चाळीतल्या एकाच मीटरची. चार बिऱ्हाडं, प्रत्येकाची ७० युनिटं, मीटर एक. बिल २८० युनिटांचं, त्यातली १८० दुप्पट दरात. स्वतंत्र मीटर असते तर चारही घरं शंभराच्या आत राहिली असती. स्थिर आकार चार वेळा भरावा लागला असता हे खरं, म्हणून हिशेब कागदावर मांडूनच ठरवावं. पण वीज कायदा २००३ चं कलम ४३ मालकाप्रमाणे भोगवटादारालाही जोडणी मागण्याचा हक्क देतं, हे भाडेकरूंना माहीत असायला हवं.

बिल आधी की हप्ता आधी? शिलाई मशीन विजेवर चालतं त्या घरात बिल आधी. वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि थकबाकीचे हप्ते बांधून मागता येतात. पण एकदा जोडणी तुटली की शिलाई थांबते, आणि शिलाई थांबली की हप्ता कशाने भरणार?

आता पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा: गटातल्या इतर बायकांवर येणारा भार. तो मी मान्य करतो. हप्ता गुपचूप चुकवणं शेजारणींशी अन्याय आहे. म्हणूनच चुकण्याआधी बोलायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या मायक्रोफायनान्स निर्देशांनुसार अडचणीत आलेल्या कर्जदाराशी बोलून त्याला उपलब्ध मार्ग सांगण्याची व्यवस्था ठेवणं संस्थेला बंधनकारक आहे. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा फोन करता येत नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. हप्ता हा कराराचा भाग आहे आणि करारात दोन बाजू असतात. एका बाजूने अब्रूच्या भीतीने डाळ सोडायची आणि दुसऱ्या बाजूने आपले नियम सांगायचेसुद्धा नाहीत, हे मला मान्य नाही.

ताटाला हात न लावता महाग कर्ज स्वस्त कर्जाने मोडणं आपल्याकडे आधी होऊन गेलेलं आहे. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना जेवू घालायच्या. त्यासाठी वाण्याकडून माल उधारीवर, सावकाराकडून पैसे चढ्या व्याजाने, आणि अनेकींचं मंगळसूत्र गहाण. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा त्यांनी या बायकांना कमी डाळ शिजवायला सांगितलं नाही. त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. स्वयंपाकघर तेच राहिलं, पैशाचा उगम बदलला.

रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांवर माझा एक आक्षेप आहे, आणि तो या लेखाच्या मुळाशी आहे. घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत, अशी मर्यादा त्यांत घातली आहे. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांचा ४६ टक्के आणि शहरी घरांचा ३९ टक्के खर्च खाण्यावर होतो असं दिसलं. निम्मं हप्त्याला गेलं आणि उरलेलं बहुतेक पोटाला, तर भाडं, वीज, गॅस, शाळा, औषध यांना काय राहिलं? ते ताटातूनच काढावं लागतं, आणि काढलं जातं. मर्यादा पूर्ण उत्पन्नावर बांधण्याऐवजी किराणा, भाडं, वीज आणि गॅस वजा जाऊन जे उरतं त्यावर बांधायला हवी. कर्जाच्या अर्जावर घरातली माणसं किती, दूध किती, डाळ किती लागते हे विचारणारा एक रकाना हवा, आणि ती रक्कम सोडूनच हप्ता ठरवायला हवा.