स्वस्त वाड्याचा हिशेब

अक्कलकोटात वटवृक्ष मंदिरानजीकचा एखादा जीर्ण वाडा भाडेकरूंसह स्वस्तात घ्यावा आणि दुरुस्त करून यात्रेकरूंना खोल्या द्याव्यात, हा हिशेब मोठा मोहक आहे. परंतु वाडा स्वस्त का? भाडेकरूचा राहण्याचा हक्क किमतीतून आधीच वजा झालेला असतो. त्यालाच हुसकावून मिळणारा नफा म्हणजे न मोजलेल्या पैशाची वसुली नव्हे काय? गुरुवार-पौर्णिमेची गर्दी पाहून पेठ निवडणाऱ्यांनी शिक्षक-कारकुनांच्या बारमाही बिऱ्हाडांची गल्लीही पाहावी. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू असेल तेथे, वार्षिक 4 टक्के वाढीखेरीज, 70 टक्के भाडेकरूंच्या संमतीने केलेल्या सुधारणांच्या खर्चावर सालीना 15 टक्क्यांपर्यंत भाडेवाढ घेता येते. साधी डागडुजी तर घरमालकाचे कर्तव्यच आहे.